दुसऱ्याच्या घरातला पडदा : गोंदियातील घरगुती करमणुकीचा इतिहास

#थ्रेड

१/ रेडिओ, दूरदर्शन, व्हीसीआर, सीडी, मोबाइल. घरगुती करमणुकीचा इतिहास बहुधा या क्रमाने सांगितला जातो आणि प्रत्येक नव्या यंत्राने जुन्या कलेचा बळी घेतला, असा निष्कर्ष त्यातून निघतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात मात्र हा निष्कर्ष अडखळतो. सगळी यंत्रे तिथे पोहोचली, तरीही झाडीपट्टीतील रात्रभर चालणारे नाटक संपले नाही. असे का घडले?

२/ आरंभ रेडिओपासून. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. तो स्वतंत्र झाला १ मे १९९९ रोजी. रेडिओ विकत घेऊन भागत नसे. त्यासाठी सरकारी परवाना लागे आणि डाक कार्यालयात दरवर्षी शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत रद्द झाली. तोवर घरात गाणी ऐकणे ही कायद्याच्या दृष्टीने परवान्याची बाब होती.

३/ साहजिकच संच मोजक्या घरांत असे आणि श्रोते मात्र आळीभर. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेली ‘बिनाका गीतमाला’ आणि १९५७ मध्ये सुरू झालेली ‘विविध भारती’ यांचा श्रोतृवर्ग परवान्यांच्या संख्येवरून मोजता येणार नाही, तो याच कारणाने.

४/ चित्र मात्र उशिरा आले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याच्या लहरी विदर्भापर्यंत येणे शक्य नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले. तारेच्या जाळीची सुमारे दहा फुटी छत्री आणि सार्वजनिक जागी ठेवलेला एक संच, एवढीच सामग्री.

५/ त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे गोंदियाच्या पूर्वेस, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर परिसरातल्या निवडक खेड्यांनी दूरदर्शन पाहिले, आणि राज्याच्या सीमेअलीकडची, तशीच धान पिकवणारी खेडी त्यापासून दूर राहिली. पडदा कोणाला आधी मिळणार, हे ऐपतीइतकेच प्रशासकीय नकाशानेही ठरवले.

६/ हे अंतर भरून निघाले ते इन्सॅट-१बी या उपग्रहानंतर. ३० ऑगस्ट १९८३ रोजी तो सोडला गेला आणि १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. असे प्रक्षेपक मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठवीत. परिणामी मराठी राज्यातील अनेक लहान शहरांत घरातला पहिला पडदा हिंदी बोलला. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी अशा बोली एकत्र नांदणाऱ्या गोंदियाच्या कानांना ते फारसे परके नव्हते.

७/ २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी संच असलेल्या घराच्या ओसरीवर, खिडकीत, अंगणात माणसे जमत. व्हीसीआरचेही तेच. वर्गणी काढून एका रात्रीपुरता संच भाड्याने आणायचा आणि दोन-तीन चित्रपट पाहून पहाटे उठायचे, ही त्या दशकाची देशभरातील रीत. चित्रपटसृष्टीने चोरट्या फितींविरुद्ध ओरड केली आणि १९८४ च्या दुरुस्तीने व्हिडिओ चित्रपट स्वामित्वहक्क कायद्याच्या स्पष्ट कक्षेत आले.

८/ याच काळात ध्वनिफितीने वेगळे काम केले. ती काढणे स्वस्त असल्याने बड्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेले आवाज बाजारात आले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांच्या जोडीने भीमगीतांच्या कॅसेट विकल्या जात आणि त्या विदर्भातील घराघरांत पोहोचत. इथे यंत्राने लोकपरंपरा गिळली नाही, तिला नवा आवाज दिला.

९/ आता मूळ प्रश्न. धानाची कापणी उरकत येते, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, घरी पाहुणे येतात, दंडार होते आणि नाटकाची रात्र ठरते. वडसा येथील नाट्यमंडळ्या हंगामभर फिरतात. गावचे मंडळ त्यांना बोलावते आणि तिकिटांतून खर्च भागवते. हे नाटक पिकाला, नात्यांना आणि गावच्या हिशेबाला बांधलेले आहे. लेक माहेरी येणे आणि सोयरीक जुळणे हे ज्या रात्री घडते, तिची जागा दूरदर्शन संच घेऊ शकत नाही.

१०/ दुसरे कारण यंत्रांच्या टंचाईत आहे. रेडिओपासून व्हीसीआरपर्यंत प्रत्येक साधन इथे प्रथम सामूहिकच होते. त्यांनी एकत्र बसून पाहण्याची सवय मोडली नाही. काही काळ पोसलीच. ती सवय खऱ्या अर्थाने सुटू लागली केबल, स्वस्त संच आणि २०१६ नंतरच्या स्वस्त मोबाइल डेटामुळे. पडदा घराचा झाला आणि लगेच एकेका माणसाचा झाला.

११/ २०२० च्या टाळेबंदीत ही कसोटी लागली. २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, पण या वेळी ओसरीवर गर्दी नव्हती. प्रत्येक जण आपापल्या घरात होता. त्याच वर्षी झाडीपट्टीचा हंगाम कोलमडला आणि रंगमंचावर पोट असलेल्यांची कोंडी झाली. करमणूक घरोघरी मुबलक होती, पण त्यातला एकही रुपया त्यांच्यापर्यंत येत नव्हता. पुढे हंगाम सावरला. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

१२/ या इतिहासाची साधने अभिलेखागारात फारशी नाहीत. जुने परवाना-पुस्तक, दुकानाची पावती, हाताने नावे लिहिलेली कॅसेट, नाटकाचे रंगीत पत्रक ही ती साधने. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर पहिल्यांदा जातात तीच. कोणाच्या ओसरीवर कोण बसत असे आणि कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागे, हे सांगणारी पिढी अजून आहे. तिला विचारायला हवे. कारण हे कोणत्याही यंत्रात नोंदलेले नाही.