माफीनाम्यावर सही न करणारा गोलंदाज : हॅरल्ड लारवूड

बॉडीलाइन मालिकेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या थ्रेडमध्ये मात्र प्रश्न वेगळा आहे : डावपेच कर्णधाराचा असताना शिक्षा गोलंदाजालाच का झाली?

लारवूडचा जन्म १९०४ साली नॉटिंगहॅमशायरमधील ननकारगेट या खाणकामगारांच्या वस्तीत झाला. चौदाव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत तट्टांबरोबर राबू लागला. उंची बेताचीच, पण धाव लयबद्ध आणि वेग भयंकर. १९२६ साली तो इंग्लंडकडून कसोटी खेळला.

त्या काळी इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या, असेच म्हणावे लागेल. हौशी खेळाडू म्हणजे 'जंटलमन', पैसे घेऊन खेळणारा म्हणजे व्यावसायिक. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे. कर्णधार अर्थातच हौशी. १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचा कर्णधार डग्लस जार्डिन असाच. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला आणि, योगायोगाने, आपल्या मुंबईत जन्मलेला.

१९३० साली ब्रॅडमनने एकाच मालिकेत ९७४ धावा कुटल्या होत्या. त्यावर जार्डिनचा उतारा होता अंगावर येणारे आखूड चेंडू आणि लेगसाइडला क्षेत्ररक्षकांचे कडे. लारवूडने ३३ बळी घेतले, ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ वर आली आणि इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. अ‍ॅडलेडला वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला, ओल्डफिल्डची कवटी फुटली. (ओल्डफिल्डला लागले तेव्हा लेगसाइडचे कडे नव्हते आणि चूक आपलीच होती हे त्याने मान्य केले, पण प्रेक्षकांना ते कोण सांगणार?) ऑस्ट्रेलियन मंडळाने तारेत 'खिलाडूवृत्तीला न शोभणारे' हा शब्द वापरला आणि प्रकरण सरकारांपर्यंत गेले.

याच संघातला हौशी गोलंदाज गबी अ‍ॅलन याने अशी गोलंदाजी करण्यास साफ नकार दिला होता. त्याचे काही बिघडले नाही. १९३६ साली तो इंग्लंडचा कर्णधार झाला. पोटासाठी खेळणाऱ्या लारवूडला तसे 'नाही' म्हणणे परवडले असते का? माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे.

जार्डिनचे कर्णधारपद लगेच गेले नाही. १९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर भारतातील पहिली कसोटी झाली, तेव्हा इंग्लंडचा कर्णधार तोच होता. लारवूडकडे मात्र माफीनाम्याची मागणी आली. कर्णधाराचा हुकूम पाळला, त्याची माफी कसली, म्हणून त्याने सही केली नाही. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत ९८ धावा काढून आणि पाय मोडून परतलेला हा गोलंदाज इंग्लंडकडून पुन्हा कधीही खेळला नाही. २१ कसोटी, ७८ बळी. वय अवघे अठ्ठावीस.

पुढे त्याने ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटचे दुकान चालवले. १९५० साली तो पत्नी आणि पाच मुलींसह ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्यास निघाला. त्यासाठी पुढाकार घेतला जॅक फिंगल्टनने, बॉडीलाइनचा मारा स्वतः सोसलेल्या फलंदाजाने. जहाज होते ओरोंटिस. १९३२ साली इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला तो याच जहाजाने.