आकाशाचा वरचा मजला आणि कुलाब्याची नोंदवही



आपल्या गावाच्या कडेने जाणारा मुंबई-आग्रा रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे. घटकाभर अशी कल्पना करू की, हा रस्ता मुंबईच्या दिशेने आडवा न पसरता चांदवडपासून सरळ वर आकाशात उभा केला आहे. वडाळीभोईच्या सुमारास ढगांचे आणि पावसाचे राज्य संपेल. पिंपळगाव बसवंत येईपर्यंत आपण ओझोन वायूच्या दाट थरातून बाहेर पडत असू. सर्वसाधारण वेधांचे फुगे ह्याच्या फार पुढे जात नाहीत. नाशिक गाठले तरी अजून आपण ज्या मुलखाविषयी आज बोलणार आहोत तो यायचाच आहे. तो लागतो घोटीच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर. तेथील हवा आपल्या हवेच्या दहालक्षांशाहूनही विरळ असते. तेथून मुंबईपर्यंत आणि मुंबईच्याही पुढे जो पसारा आहे, त्याला शास्त्रज्ञ उच्च वातावरण म्हणतात. त्यातील विद्युतभारित भागाला आयनांबर असे नाव आहे.

ह्या मुलखात रॉकेटे नियमाने जाऊ लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास. परंतु तेथे काहीतरी विद्युतमय आहे, हे माणसाने त्यापूर्वी निदान साठ वर्षे ओळखले होते. जेथे कोणी गेले नाही, जेथले काही डोळ्यांना दिसत नाही, तेथली बातमी कळली कशी? ह्या प्रश्नाच्या उत्तरातला एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टोकावर लिहिला गेला.

बातमी आणली ती लोहचुंबकाच्या सूचीने. सूची उत्तर-दक्षिण राहते हे आपण शाळेत शिकतो. पण ती अगदी स्थिर राहत नाही. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम नावाच्या घड्याळजीने १७२२ साली बारीक नजरेने पाहिले, तेव्हा त्याला आढळले की, सूची दिवसभरात किंचित सरकते आणि पुन्हा जागेवर येते. हा क्रम रोजचा. सूर्य उगवला की हालचाल सुरू, दुपारच्या सुमारास ती भरास येते आणि रात्री जवळजवळ थांबते. सूर्याचा आणि खोलीत टांगलेल्या लोखंडाच्या तुकड्याचा काय संबंध, हे कोडे पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ राहिले.

१८८२ साली बॅल्फोर स्ट्यूअर्ट ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला. सायकलच्या दिव्याचा डायनॅमो आपण पाहिला आहे. चुंबक आणि तारेचे वेटोळे ह्यांपैकी एक दुसऱ्याजवळ फिरू लागले की वीज निर्माण होते. स्ट्यूअर्टचे म्हणणे असे की, आकाशात खूप उंचावरची हवा वीज वाहून नेऊ शकत असली पाहिजे. सूर्याच्या उष्णतेने ती हवा हलते, पृथ्वी हा मोठा चुंबक तर आहेच, तेव्हा आकाशातच डायनॅमो चालतो आणि त्या विजेच्या प्रवाहाने खालची सूची हलते. वरची हवा विद्युतवाहक का होते, हे पुढे कळले. सूर्याचे तीव्र किरण तेथील अणुरेणूंना फोडतात, त्यांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. रात्री किरण नसतात, म्हणून खालच्या थरातील वीज ओसरते आणि सूचीही शांत होते.

हा तर्क खरा ठरायला वीस-चाळीस वर्षे लागली. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडमधून निघालेला बिनतारी संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला. पृथ्वी तर गोल, मग सरळ जाणाऱ्या लहरी वळल्या कशा? १९०२ साली केनेली आणि हेविसाइड ह्या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले की, वर विद्युतभारित थर आहे आणि लहरी त्यावर आपटून परत येतात. १९२४ साली ॲपलटनने प्रयोग करून हा थर सुमारे १०० किलोमीटरवर आहे असे दाखवले. त्याबद्दल त्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कुलाब्याकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे वेधशाळा बांधली ती जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१ पासून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे प्राध्यापक ऑर्लिबार ह्यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकाच्या नोंदी सुरू झाल्या. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर ह्यांचा ह्या वेधशाळेशी संबंध होता. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे ह्यांनी तर तरुणपणी तेथे साहाय्यक म्हणून काम केले. केरूनानांचे मूळ गाव अलिबागजवळचे नागाव. हे गाव लक्षात ठेवावे, कारण ही कथा पुढे त्याच किनाऱ्यावर जाणार आहे.

ह्या साहाय्यकांचे काम काय होते? चुंबक दोऱ्याने टांगलेला असे. लहान दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तासाला एकदा, दिवसा आणि रात्री, पावसाळ्यात आणि सणावारी. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, तेव्हा पाळीचे काम म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पहाटे तीनची नोंद दुपारी तीनच्या नोंदीइतकीच खरी असली पाहिजे, ही अपेक्षा ऐकायला साधी वाटते. पण जागरणाने डोळे मिटत असताना आकडा अंदाजाने न लिहिता वाचूनच लिहिणे, हा कामातला प्रामाणिकपणा आहे आणि तो पाहायला त्या वेळी कोणी नसतो.

त्या प्रामाणिकपणाची कसोटी १८५९ साली लागली. १ सप्टेंबर रोजी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होता. एकाएकी डागांच्या समूहात पांढरा झगझगीत प्रकाश उसळला आणि काही मिनिटांत विझला. त्यानंतर साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. अमेरिकेतील तारायंत्राच्या कचेऱ्यांत बॅटऱ्या काढून टाकल्यावरही बॉस्टन-पोर्टलंड मार्गावर संदेश जात राहिले, कारण तारांत वीज वादळानेच भरली होती. ध्रुवाकडचा तांबडा-हिरवा प्रकाश विषुववृत्ताकडील कितीतरी प्रदेशांत दिसला.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती, सुमारे पावणेदहाची वेळ. लंडनजवळच्या केव येथे नोंदी छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटत असत; तेथील रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला माणूस आकडा वाचीत होता. चुंबक अस्वस्थ झाल्याचे दिसताच तासाची वाट न पाहता मिनिटामिनिटांच्या थोड्या अंतराने वाचन सुरू झाले. पृथ्वीचे आडवे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतके कोसळल्याची नोंद त्या वहीत झाली. नेहमीच्या मोठ्या वादळात हा आकडा शे-दोनशेचा असतो. विषुववृत्ताच्या बाजूला मुंबईत सूचीचे हेलकावे उत्तरेपेक्षा कमी असतात, हेही कुलाब्याच्या पथ्यावर पडले, हे सांगितले पाहिजे. पण आकडा हाती लागला तो यंत्रापाशी माणूस हजर होता म्हणून.

वही पडून राहिली. १४४ वर्षांनी, २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोंझालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखीना व शोभना ॲलेक्स ह्यांनी त्या नोंदींच्या आधारे त्या वादळाचे माप जगापुढे मांडले. तो सगळा आकडा एकाच प्रवाहामुळे आला, की आयनांबरातील प्रवाहांचाही त्यात वाटा होता, ह्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु वाद घालायला आकडा आहे, हीच कुलाब्याची कमाई.

ह्यानंतरची हकीकत मला विशेष महत्त्वाची वाटते. १८९६ साली डॉ. नानाभाई मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच काळात मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटत होते. ट्रामच्या विजेचा प्रवाह रुळांतून जमिनीत पाझरतो आणि जवळपासच्या चुंबकाला भ्रम पडतो. म्हणजे पेच असा की, गिरणीत आणि गोदीत कामाला जाणाऱ्या हजारो लोकांना स्वस्त वाहन हवे, आणि वेधशाळेला शांतता हवी. अशा वेळी एका बाजूने दुसरीला अडाणी म्हणणे सोपे असते. येथे तसे झाले नाही. समुद्रापलीकडे अलिबागला नवी जागा शोधली गेली. चुंबकावर परिणाम होऊ नये म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा निवडक दगड वापरला, लोखंड टाळून पितळ आणि तांबे बसवले. १९०४ पासून अलिबागला वाचन सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसेल. मग कुलाब्याचे चुंबक थांबले आणि १९०७ साली मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली.

ही दोन वर्षे दुप्पट खर्चाची होती. पण ती खर्चली नसती, तर आधीच्या साठ-पासष्ट वर्षांची माळ तुटली असती. मूस ह्यांनी १९१० साली १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांचा ऊहापोह दोन खंडांत प्रसिद्ध केला. पुढे १९७१ साली ह्या कामातून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची वही त्यानंतरही लिहिली जात राहिली.

सूचीच्या ह्याच अभ्यासातून आणखी एक शोध निघाला. पेरू देशातील ह्वांकायो येथे १९२२ पासून नोंदी होऊ लागल्या, तेव्हा तेथील सूची दुपारी अपेक्षेपेक्षा फारच जास्त हलते असे दिसले. चुंबकीय विषुववृत्तावर, सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, विजेचा एक अरुंद आणि जोरकस प्रवाह दिवसा वाहतो, हे त्याचे कारण. ही रेषा केरळच्या टोकावरून जात होती, म्हणून डॉ. विक्रम साराभाईंनी थुंबा ही कोळ्यांची वस्ती निवडली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले आणि त्याने वर सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा ढग संध्याकाळच्या आकाशात लोकांनी पाहिला. भारताच्या अवकाशयुगाचा आरंभ असा उच्च वातावरणाच्या अभ्यासातून झाला.

पृथ्वीवर शिकलेला हा धडा मग इतर ग्रहांना लावता आला. १९६५ साली मरिनर-४ हे यान मंगळामागे गेले, तेव्हा त्याच्या रेडिओलहरी मंगळाच्या हवेतून आल्या. मार्कोनीच्या लहरी जशा वळल्या, तशाच ह्याही किंचित वळल्या, आणि त्यावरून मंगळाची हवा आपल्या हवेच्या शतांशाहूनही विरळ असल्याचे कळले. ती इतकी विरळ का? पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय कवच मंगळाला नाही. ते अब्जावधी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. २०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे मेव्हन आणि भारताचे मंगळयान दोन-तीन दिवसांच्या अंतराने तेथे पोहोचले. मंगळयानावर मंगळाच्या सर्वांत वरच्या हवेतील वायू तपासणारे एक उपकरण होते. मेव्हनच्या मापांवरून २०१५ साली जाहीर झाले की, सौरवारा मंगळाची हवा दर सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम ह्या गतीने ओरबाडून नेतो आणि सौरवादळात हा वेग पुष्कळ वाढतो. एकेकाळी ज्या ग्रहावर पाणी वाहिले, तो असा कोरडा होण्यामागे उच्च वातावरणातील ही गळती एक मोठे कारण मानले जाते.

हे सगळे दूरचे आहे असे कोणी समजू नये. १९८९ च्या मार्चमधील वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज कित्येक तास गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत लहानशा वादळाने वरची हवा तापून फुगली आणि नुकतेच सोडलेले ४९ उपग्रह होते, त्यांतील बहुतेक त्या हवेच्या घर्षणाने खाली ओढले जाऊन जळाले. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाश तांबडे झालेले दिसले. त्याच वेळी अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहाच्या आधाराने सरळ तास धरणाऱ्या ट्रॅक्टरांची वाट चुकली. आज आपला फोन, बँक, वीज आणि हळूहळू शेतीही ह्या वरच्या मजल्याच्या मर्जीवर येत आहे. १८५९ सारखे वादळ पुन्हा आले तर किती मोठे असेल, हे सांगण्यासाठी जगापाशी जो थोडा आधार आहे, त्यांत कुलाब्याची ती वही आहे.

म्हणून शेवटी एकच गोष्ट मांडतो. एखादे कार्यालय रोज तेच ते मोजते, त्यातून लगेच काही निघत नाही, मग ह्या जागा कशाला भरायच्या, असा प्रश्न खर्चाचा हिशेब मांडताना हमखास विचारला जातो. पर्जन्यमापक वाचणारा, नदीची पातळी लिहिणारा, चुंबकाची नोंद ठेवणारा, हे सारे त्या प्रश्नाच्या कचाट्यात सापडतात. दुर्बीण मोडली तर नवी घेता येते, इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. न घेतलेली नोंद मात्र पुढे कितीही पैसा ओतला तरी मिळत नाही, कारण तो दिवस परत येत नाही. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी कुलाब्याचा साहाय्यक जागेवर नसता, तर ते नुकसान त्याच्या वरिष्ठांना त्या महिन्यात, त्या वर्षी किंवा त्यांच्या हयातीतही कळले नसते. ते आपल्याला कळले असते. असे काम करणाऱ्याला कायमची नोकरी, पुरेसा पगार आणि बदली माणूस देणे, हा विज्ञानावरचा वरखर्च नव्हे. विज्ञानाचा तोच पाया आहे.