बालांगिगाच्या घंटांचा परतीचा प्रवास

फिलिपाइन्समधील समार बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर बालांगिगा हे लहानसे गाव आहे. तेथील चर्चच्या तीन घंटा १९०१ साली अमेरिकी सैन्याने नेल्या. त्या परत येण्यास ११७ वर्षे लागली. परदेशांतील संग्रहालये, ग्रंथालये व लष्करी छावण्यांत विखुरलेल्या फिलिपिनो वारशाचा विषय निघाला की प्रथम दाखला दिला जातो तो या घंटांचा.

१८९८च्या पॅरिस तहान्वये स्पेनने हा द्वीपसमूह दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात अमेरिकेच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी स्वातंत्र्याची घोषणा केलेल्या फिलिपिनोंना हा व्यवहार मान्य होणे शक्य नव्हते आणि १८९९मध्ये युद्ध पेटले. २८ सप्टेंबर १९०१ रोजी सकाळी न्याहारीच्या वेळी बालांगिगातील अमेरिकी तुकडीवर गावकऱ्यांनी ‘बोलो’ नावाचे कोयते घेऊन हल्ला चढविला. त्यात ४८ सैनिक मरण पावले. उठावाच्या वेळी चर्चची घंटा वाजविण्यात आली होती. सूडादाखल जनरल जेकब स्मिथ याने समार बेट उजाड करण्याचा आणि शस्त्र धरू शकणाऱ्या, दहा वर्षांवरील प्रत्येकास ठार मारण्याचा हुकूम दिला. किती माणसे मारली गेली, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. स्मिथवर लष्करी न्यायालयात खटला चालला. परिणाम काय, तर समज आणि सक्तीची निवृत्ती!

घंटा मात्र विजयचिन्हे ठरल्या. दोन अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील शायान येथील छावणीत उभारण्यात आल्या. तिसरी नवव्या पायदळाकडे राहिली आणि त्या पलटणीबरोबर अखेर दक्षिण कोरियातील तळावर पोहोचली. १९९०च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी त्या परत मागितल्या. वायोमिंगमधील माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केला, कारण त्यांच्या लेखी या घंटा म्हणजे मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे स्मारक होत्या. फिलिपिनोंच्या लेखी त्या देवळाच्या घंटा होत्या. हा भावनेचा पेच कायद्याने आणखी घट्ट केला: युद्धस्मारकाचा भाग असलेली वस्तू काँग्रेसच्या संमतीविना परदेशास देण्यास मनाई करण्यात आली. २०१७च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी देशाला उद्देशून केलेल्या वार्षिक भाषणात घंटांची मागणी जाहीरपणे केली. त्याच वर्षाच्या अखेरीस संरक्षणविषयक कायद्यात अपवादाची तरतूद झाली आणि ११ डिसेंबर २०१८ रोजी लष्करी विमानाने तिन्ही घंटा मनिलात उतरल्या. त्यांतील एक राष्ट्रीय संग्रहालयात ठेवावी, अशी सूचना सिनेटमध्ये पुढे आली होती. धर्मगुरूंनी हरकत घेतली. ज्या वस्तूसाठी शतकभर झगडा झाला, तीच राजधानीत काचेआड ठेवणे विपरीतच ठरले असते. १५ डिसेंबरला तिन्ही घंटा बालांगिगास सुपूर्द करण्यात आल्या.

सर्वच वस्तूंची कथा अशी लुटीची नाही. १५९३ साली मनिलात छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या ग्रंथाची एकमेव ज्ञात प्रत वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. ती एका संग्राहकाने देणगी दिलेली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरचे, फिलिपिनो समाजाची रंगीत चित्रे असलेले ‘बॉक्सर कोडेक्स’ हे हस्तलिखित इंडियाना विद्यापीठाकडे आहे, तेही खरेदीच्या मार्गाने. अशा ठिकाणी मालकीपेक्षा अभ्यासकांस ते पाहावयास मिळणे अधिक मोलाचे असते. याउलट, अमेरिकी सैन्याने युद्धात हस्तगत केलेली क्रांतिकारकांची कागदपत्रे १९५०च्या दशकात अमेरिकेने मूळ स्वरूपात परत केली आणि स्वतःकडे सूक्ष्मफिती ठेवल्या.

सर्वांत अवघड प्रश्न मानवी अवशेषांचा आहे. १९२२ ते १९२५ दरम्यान मिशिगन विद्यापीठाच्या मोहिमेने दफनस्थळे उकरून भांडी व अस्थी नेल्या. १९०४च्या सेंट लुईस प्रदर्शनात सहस्राहून अधिक फिलिपिनो माणसेच ‘प्रदर्शनीय’ म्हणून मांडली होती. तेथे मरण पावलेल्या काहींचे मेंदू स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेले. २०२३मध्ये संस्थेच्या प्रमुखांनी या संग्रहाबद्दल माफी मागितली. तथापि, अस्थी परत करण्यास संस्थांना भाग पाडणारा १९९०चा अमेरिकी कायदा हा तेथील मूळ रहिवासी व हवाईयन समाजांपुरता मर्यादित आहे. फिलिपिनो कुटुंबांना त्याचा आधार घेता येत नाही. अवशेष परत द्यायचे की नाही, हे संस्थेच्या इच्छेवर राहते.