अमेरिकेचे आरंभीचे प्रजासत्ताक : अभ्यास, सार्वजनिक इतिहास आणि मराठी प्रदेश

ब्रिटनपासून सुटल्यावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पहिल्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत जे राज्य, जो समाज आणि जो व्यापार उभा राहिला, त्याला इतिहासकार ‘आरंभीचे प्रजासत्ताक’ म्हणतात. त्याची सुरुवात कोणी १७७६च्या जाहीरनाम्यापासून धरतात, तर कोणी १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाला तिथपासून. शेवटाबद्दलही एकमत नाही. काहींच्या मते तो १८२९ साली अँड्र्यू जॅक्सन सत्तेवर आला तेव्हा झाला, काहींच्या मते १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा. १७९०च्या पहिल्या शिरगणतीत या देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली, आणि त्यांत जवळजवळ ७ लाख गुलाम होते. समतेचा जाहीरनामा काढणारे आणि माणसांची खरेदी-विक्री करणारे बऱ्याचदा तेच लोक होते. या काळाचा सारा अभ्यास आणि त्यावरचे सारे वाद फिरून या गाठीपाशी येतात.

अभ्यासाची वाटचाल : एकोणिसाव्या शतकात या काळाचा इतिहास म्हणजे संस्थापकांची चरित्रे. मेसन वीम्स या पाद्र्याने वॉशिंग्टनचे चरित्र लिहिले आणि १८०६च्या आवृत्तीत लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने चेरीच्या झाडाला केलेली इजा व वडिलांपुढे दिलेली कबुली ही गोष्ट घातली. तिला पुरावा नाही. तरी ती बोधकथांतून जगभर गेली, मराठीतही आली. वॉशिंग्टनविषयी मराठी माणसाला काही एक ठाऊक असेल तर ते हे रचलेले झाडच.

१९१३ साली चार्ल्स बिअर्ड याने, १७८७ची राज्यघटना करणाऱ्यांचे आर्थिक हितसंबंध त्या घटनेत कसे उतरले, असा प्रश्न विचारून खळबळ उडवली. बिअर्ड तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होता. त्याच वर्षी त्याच विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी दाखल झाला. पुढे बर्नार्ड बेलिन (१९६७) आणि गॉर्डन वुड (१९६९) यांनी हितसंबंधांऐवजी त्या पिढीच्या विचारांवर भर दिला. या कालखंडाच्या अभ्यासकांनी १९७७ साली स्वतःची संस्था काढली आणि १९८१पासून तिचे नियतकालिक निघू लागले. तोवर हा काळ एका बाजूला राज्यक्रांती आणि दुसऱ्या बाजूला यादवी युद्ध यांच्यामध्ये दबून गेला होता.

त्यानंतरचे उत्तम काम लहान माणसांच्या कागदांतून आले. मेन भागातील मार्था बॅलर्ड ही सुईण १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे रोजनिशी लिहीत होती. कोण बाळंत झाली, नदी गोठली की नाही, कोणाकडून किती येणे राहिले, असल्या नोंदी. पूर्वीच्या संशोधकांनी ती चाळून क्षुल्लक म्हणून बाजूला ठेवली होती. लॉरेल थॅचर अल्रिक हिने तिच्यातून एका गावाचे अर्थकारण, कायदा आणि घरगुती सत्ता उलगडून १९९० साली पुस्तक केले. अ‍ॅनेट गॉर्डन-रीड हिने १९९७ साली टॉमस जेफर्सन आणि त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्या संबंधांचा पुरावा वकिली काटेकोरपणे तपासला. पुढल्याच वर्षी जनुकीय चाचणीने तिच्या बाजूला बळ दिले. जुन्या चरित्रकारांनी हेमिंग्ज कुटुंबाची साक्ष सरसकट फेटाळली होती, ती केवळ साक्ष देणारे गुलाम होते म्हणून, हे तिने दाखवून दिले. नुसत्या आईबापांच्या नावांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

सार्वजनिक इतिहास : विद्यापीठाबाहेर, म्हणजे वाडे, स्मारके, संग्रहालये, नाटके यांतून लोकांपुढे येणारा इतिहास. वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन हे घर मोडकळीला आले तेव्हा ते सरकारने वाचवले नाही. अ‍ॅन पामेला कनिंगहॅम हिने १८५३ साली स्त्रियांची संस्था काढली, वर्गणी जमवली आणि १८५८ साली ते विकत घेण्याचा करार केला. फिलाडेल्फियात वॉशिंग्टन अध्यक्ष असताना राहत होता त्या घराच्या जागी २०१० साली नवे स्मारक झाले. त्यात त्या घरातल्या नऊ गुलामांची नावे कोरलेली आहेत. २०१५चे ‘हॅमिल्टन’ हे संगीत नाटक तर पहिल्या अर्थमंत्र्यावर, आणि संस्थापकांच्या भूमिका बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिनो नटांनी केलेल्या. इतिहासकारांनी त्यातल्या चुका काढल्या आणि तिकिटांसाठी रांगाही लावल्या.

धाड परिसर आणि १८०३ : आता मराठी प्रदेशाकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यातील धाड हे जालना जिल्ह्याच्या सीमेलगतचे गाव. तिथून दक्षिणेकडे थोड्या अंतरावर, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना हरवले. डिसेंबरातल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. त्याच वर्षीच्या एप्रिलात अमेरिकेने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरांना लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला होता. दोन्ही व्यवहारांमागे नेपोलियनच्या युद्धांचा ताण होता, आणि दोन्हीकडे त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले नाही.

असईचा धागा अमेरिकेपर्यंत जातो तो असा : १८१२च्या अँग्लो-अमेरिकन युद्धात, नोव्हेंबर १८१४मध्ये, ब्रिटिश सरकारने अमेरिकेतले सेनापतिपद वेलस्लीला, म्हणजे तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या माणसाला, देऊ केले. त्याने ते टाळले. त्याचा मेहुणा एडवर्ड पाकनहॅम गेला आणि जानेवारी १८१५मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जॅक्सनच्या फौजेपुढे मारला गेला. धाड-असई भागात वेलस्लीची ओळख १८०३पाशी थांबते, आणि न्यू ऑर्लिन्सच्या रणभूमीवर असईचा उल्लेख व्हायचे कारण नाही. म्हणून हा धागा दोन्हीकडे कोणी ओढत नाही.

शिपाई आणि जहाजे : उलट दिशेने आलेला माणूसही आहे. मॅसॅच्युसेट्सच्या न्यूबरीपोर्टचा जॉन पार्कर बॉइड (१७६४–१८३०) १७८९ साली हिंदुस्थानात आला आणि स्वतःची पलटण बाळगून निजामाच्या, मग पुण्यात पेशव्यांच्या चाकरीत राहिला. मायदेशी परतल्यावर १८११ साली टिपकनूच्या लढाईत मूळनिवासींच्या संघाविरुद्ध तो अमेरिकी पायदळाचा अधिकारी होता. लॉर्ड कॉर्नवॉलिसची वाट त्याच्या उलट : १७८१ साली यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण आला, १७८६ साली गव्हर्नर जनरल म्हणून इकडे आला आणि पेशवे व निजाम यांना बरोबर घेऊन त्याने १७९२ साली टिपूला तहावर आणले.

१७९४च्या जे तहाने अमेरिकी जहाजांना ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदरांत व्यापाराची मोकळीक मिळाली. सेलम आणि बॉस्टनची गलबते मुंबईला येऊ लागली. सेलमच्या नाखव्यांनी १७९९ साली काढलेल्या संस्थेच्या संग्रहात मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आणि पोशाख भेटीदाखल गेला. तो संग्रह आता तिथल्या पीबडी एसेक्स संग्रहालयात आहे. १८३०च्या दशकात याच मार्गाने मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून मुंबईत उतरू लागला.

मुंबईतली एक आवडती दंतकथा मात्र टिकत नाही. वाडिया घराण्यातल्या जहाजबांधकांनी सागवानात बांधलेल्या आणि १८१० साली पाण्यात उतरलेल्या ‘मिंडेन’ या युद्धनौकेवर अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिले गेले, असे अभिमानाने सांगितले जाते. सप्टेंबर १८१४मध्ये बाल्टिमोरवरचा मारा त्या गीताचा कर्ता फ्रान्सिस स्कॉट की याने पाहिला तो एका कैद्याच्या सुटकेच्या वाटाघाटींसाठी गेलेल्या अमेरिकी जहाजावरून. चेरीच्या झाडाची आणि मिंडेनची जात एकच. गोष्ट छान, पुरावा नाही.

मिशन : आरंभीच्या प्रजासत्ताकाचा मराठी प्रदेशाशी सर्वांत खोल संबंध आला तो धर्मप्रसारकांमुळे. १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत पोहोचले. वेळ इतकी वाईट, की त्यांचा देश आणि कंपनीचा देश लढत होते. त्यांना परत धाडण्याचा हुकूम निघाला. ते कोचीनला निसटले, पकडून आणले गेले. गव्हर्नर सर इव्हन नेपियन याने सबुरीने घेतले आणि वर्ष संपण्याच्या सुमारास राहण्याची मुभा मिळाली. पुढे शाळा निघाल्या, छापखाना आला, १८२६ साली मराठी नवा करार छापून झाला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या फेरीहून परतताना पटकीने गेला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात अमेरिकन मिशनचा छापखाना टाळता येत नाही. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी तिथेच हे काम शिकले.

१८२७ साली न्यू हॅम्पशायरची सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईत आली आणि १८३९पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. जोतीराव फुले यांनी नगरची तिची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. फॅरारचे शिक्षण झाले ते स्त्रियांच्या शाळांची लाट न्यू इंग्लंडमध्ये उसळत होती त्या काळात. मुलगी शिकली तर नागरिक घडतील, हा त्या प्रजासत्ताकातला युक्तिवाद. तो भिडे वाड्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्याचा आशय बदलला, कारण इथे प्रश्न जातीचाही होता. अमेरिकी अभ्यासकांनी हा दुवा अलीकडे गंभीरपणे घेतला. एमिली कॉनरॉय-क्रुट्झ हिच्या २०१५च्या पुस्तकात आरंभीच्या प्रजासत्ताकाची कहाणी सांगताना मुंबईच्या मिशनलाही जागा आहे. बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत.

बुलढाणा-अकोला पट्ट्यात काम करणारी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकी संस्था याच परंपरेतली समजली जाते, पण तिची स्थापनाच १८८७ची. तिचा या कालखंडाशी संबंध नाही.

मराठी विचारातील अमेरिका : लोकहितवादींच्या शतपत्रांत (१८४८–५०) अमेरिकेचा दाखला येतो. फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. पेन जन्माने इंग्रज, पण १७७६च्या त्याच्या पत्रकाने अमेरिकेतल्या सामान्य माणसाला राजाविरुद्ध उभे केले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करताना फुल्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांची आठवण केली, ज्यांनी निःस्वार्थपणे गुलामांची मुक्तता केली. संस्थापकांना नव्हे, मुक्तिदात्यांना. संस्थापकांच्या पूजेतून बाहेर पडून गुलामांच्या इतिहासाकडे वळायला अमेरिकी विद्यापीठांनी आणखी शंभर वर्षे लावली. फुल्यांनी निवड तेव्हाच केली होती.

पंडिता रमाबाई मार्च १८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८पर्यंत देशभर हिंडल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे त्यांचे पुस्तक राज्यव्यवस्था, शाळा, घरे, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती, सारे तपशिलाने सांगते. राजा नसलेले राज्य चालते कसे, हे परकी सत्तेखालच्या वाचकाला समजावून देणे हा त्यातला न लपणारा हेतू. मूळनिवासींवरचा अन्याय आणि वर्णद्वेष यांवरही त्या बोट ठेवतात. २००३ साली या पुस्तकाची दोन स्वतंत्र इंग्रजी रूपे निघाली, त्यांतले एक मीरा कोसंबी यांचे.

२५ नोव्हेंबर १९४९च्या घटना समितीतील भाषणात आंबेडकरांनी अमेरिकेकडे दोनदा वळून पाहिले. एका पिढीने पुढच्या पिढीला जखडू नये, हे जेफर्सनचे मत त्यांनी घटनादुरुस्तीची वाट सोपी ठेवण्याच्या समर्थनार्थ मांडले. दुसरा दाखला ब्राइस या ब्रिटिश लेखकाच्या अमेरिकेवरील ग्रंथातला. अमेरिकेतल्या एका चर्चने प्रार्थनेत ‘आमच्या राष्ट्राला’ आशीर्वाद मागितला. ‘राष्ट्र’ म्हटल्याने फारच ऐक्य गृहीत धरले जाते अशी हरकत आली आणि मजकूर बदलून ‘या संयुक्त संस्थानांना’ असा करावा लागला. तिथे ही अडचण, तर हजारो जातींत वाटलेल्या लोकांनी आपण राष्ट्र आहोत असे कशावर मानावे, हा आंबेडकरांचा प्रश्न. त्याआधी १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात त्यांनी देशाला ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ म्हटले होते. प्रत्यक्षात मात्र अमेरिकी धर्तीचा अध्यक्ष आणि दुहेरी नागरिकत्व दोन्ही नाकारली गेली.

कापूस : १७९३ साली इलाय व्हिटनीच्या यंत्राने सरकी काढणे झटपट झाले आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी मावळण्याऐवजी पसरली. वऱ्हाडात तेव्हा हातचरकीवर सरकी निघत होती आणि कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. १८२५-२६च्या सुमारास पेस्तनजींच्या पेढीने वऱ्हाडी माल मुंबईला नेण्यास सुरुवात केली. १८४० साली कंपनीने अमेरिकी कापूस-मळेवाले इकडे आणले, त्यांचे बियाणे धारवाडात रुजले. वऱ्हाड तेव्हा निजामाचे, म्हणून ते इथवर आले नाहीत. १८५३ साली वऱ्हाड कंपनीकडे गेले. १८६१ साली अमेरिकेत युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हा भाव चढले आणि वऱ्हाडच्या मातीला मँचेस्टरचे गिऱ्हाईक मिळाले. पुढे १८७० साली खामगावला रेल्वे आली. स्वेन बेकर्टच्या कापसाच्या जागतिक इतिहासात (२०१४) वऱ्हाड आणि खामगाव ठळकपणे येतात. त्या बाजाराचा भाव लुइझियाना आणि मिसिसिपीतल्या घडामोडींशी कसा बांधलेला होता, हे वऱ्हाडच्या बाजूने मराठीत अजून सविस्तर लिहिले जायचे आहे.