प्रॉक्सीची कुळकथा: कोणता निरोप पुढे, कोणता स्वतःपुरता

एसटीडी येण्याआधी रहिमतपुरातून मुंबईशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. एवढ्या खटाटोपाने लागलेला फोन एका वाक्यानंतर ठेवून द्यायचा आणि पुढच्या वाक्यासाठी पुन्हा कॉल नोंदवायचा, असे कोणी केले नसते. सुरुवातीचे वेब मात्र हेच करी. पानात दहा चित्रे असली, की ब्राउझर सर्व्हरशी अकरा वेळा जोडणी करी आणि अकराही वेळा ती तुटे.

प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मध्यस्थ, जन्मला वेगळ्या गरजेतून. 1994 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतले आरी लुओटोनेन आणि इंटेलचे केव्हिन आल्टिस यांनी फायरवॉलआडच्या संगणकांना बाहेरचे वेब दाखवणाऱ्या या मध्यस्थाची मांडणी केली. सगळ्यांच्या मागण्या एकाच दारातून जाणार, मग एकाने मागवलेले पान साठवून दुसऱ्यालाही का देऊ नये? हा साठा म्हणजे कॅशे. पान शिळे झाल्याची शंका आली, तर प्रॉक्सी मूळ सर्व्हरला विचारतो, ‘अमुक तारखेनंतर बदलले का?’ बदलले नसेल तर ‘304’ एवढाच आकडा येतो, पान पुन्हा येत नाही.

भारतात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा बाहेर जाणारी वाट अरुंद होती. पुढे 1996 मध्ये आलेला ‘स्क्विड’ हा फुकट प्रॉक्सी कॉलेजांना वरदान ठरला. पवईच्या आयआयटीत तर एके काळी ब्राउझरमध्ये ‘नेटमॉन’ हे प्रॉक्सीचे नाव भरल्याशिवाय बाहेरचे जग दिसत नसे.

दरम्यान जोडणी न तोडण्याची युक्ती निघाली. ब्राउझर मागणीसोबत ‘कनेक्शन: कीप-अलाइव्ह’ अशी ओळ पाठवू लागला. इथे मध्यस्थाने घोळ घातला. जुन्या प्रॉक्सीला ती ओळ कळेना. त्याने ती जशीच्या तशी पुढे ढकलली. सर्व्हरला वाटले, प्रॉक्सीलाच जोडणी चालू हवी आहे. तो ती बंद करीना, आणि प्रॉक्सी ती बंद होण्याची वाट बघत राहिला. पान अडकले.

नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने तोडगा काढला: प्रॉक्सीसाठी ‘प्रॉक्सी-कनेक्शन’ अशी वेगळी ओळ. अडाणी प्रॉक्सीने ती पुढे ढकलली तरी सर्व्हर तिच्याकडे दुर्लक्ष करी. पण वाटेत एक जुना आणि एक ही ओळ समजणारा असे दोन प्रॉक्सी आले, की पुन्हा तोच घोळ.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम म्हणजे एचटीटीपी. जानेवारी 1997 मधल्या एचटीटीपी 1.1 ने नियम घालून दिला: जोडणी मुळातच चालू राहील, आणि ‘कनेक्शन’ ही ओळ फक्त शेजारच्या टप्प्यापुरती, मध्यस्थाने ती पुढे पाठवू नये.

काय साठवू नये, हेही त्याच नियमांत आले. दहावीच्या निकालादिवशी रहिमतपूर काय, ईश्वरपूर काय, सगळे एकच पान उघडतात. बैठक क्रमांक भरायचा तो कोरा अर्ज कॅशेतून देता येतो; एकाची गुणपत्रिका दुसऱ्याला देऊन चालत नाही. सर्व्हरने ‘नो-स्टोअर’ म्हटले, की प्रॉक्सीने काही ठेवायचे नाही.

आता बहुतेक वेब एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध एचटीटीपीवर आहे. तिथे साधा प्रॉक्सी नुसता बोगदा उघडून देतो. आतला मजकूर त्याला दिसत नाही, म्हणून साठवताही येत नाही. ‘प्रॉक्सी-कनेक्शन’ ही ओळ मात्र टिकून आहे. ती पाठवू नये असा सल्ला 2022 च्या एचटीटीपी 1.1 मानकातही आहे, तरी ‘कर्ल’सारखी साधने प्रॉक्सीला ती पाठवतातच.