ड्रायर, झाकण आणि 1881 चा कायदा

आमच्या विदर्भात 'ड्रायर' म्हटलं की अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे असतो तो गरम हवेचा डबा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला तो अरुंद, भोकाभोकांचा टब म्हणजे ड्रायर. खरं तर तो कपडे वाळवत नाही, नुसता पिळतो. यवतमाळात मे महिन्यात दोरीवर टाकलेल्या चादरीचा तासाभरात पापड होतो, त्यामुळे वाळवायला वीज जाळायची कल्पना इथे कुणाला पटणारच नाही. पण जुलैमध्ये हा पिळणारा ड्रायर बंद पडला की घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात आणि सोफ्यावर ओल्या टॉवेलांचा वास येतो.

गरम हवेच्या ड्रायरचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. 1800 च्या सुमारास पोशाँ नावाच्या फ्रेंच माणसानं हातानं फिरवायचं, विस्तवावर धरायचं भोकांचं पिंप केलं. 1892 मध्ये जॉर्ज सॅम्पसन यांनी अमेरिकेत शेगडीच्या उष्णतेवर चालणाऱ्या ड्रायरचं पेटंट घेतलं. नॉर्थ डकोटाच्या थंडीला कंटाळलेल्या रॉस मूर यांचं यंत्र 1938 मध्ये बाजारात आलं, त्याचं नाव होतं 'जून डे'. तिकडे जून म्हणजे छान ऊन. आपल्याकडे याच नावाचा ड्रायर विकायला ठेवला असता तर लोकांनी छत्री समजून विचारपूस केली असती :-)

आपला पिळणारा ड्रायर मात्र दुसऱ्या घराण्यातला. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांमध्ये ओलं कापड वेगानं फिरवून पाणी बाहेर फेकणारी यंत्रं आली, त्यांचा हा घरगुती नातू. लहान दिसतो म्हणून फसू नका. टबची त्रिज्या 12 सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला 1350 फेरे धरून मी गणित केलं, तर कपड्यावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ 240 पट येतो. टबची कड ताशी 60 किलोमीटरनं पळत असते. न्हाणीघरात, आपल्या कोपरापासून वीतभर अंतरावर!

म्हणून त्याच्या झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. झाकण उघडं असेल तर मोटरला वीज मिळत नाही. शिवाय झाकणाला जोडलेली एक तार असते. झाकण उघडलं की ती ढिली पडते आणि ब्रेक टबला आवळतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही एक 'इफ' कंडिशन. जुन्या कोडमध्ये अशी विचित्र कंडिशन दिसली की समजायचं, इथे कधीतरी कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं आहे. ड्रायरमधल्या या कंडिशनमागे काय आहे, ते शोधायला यवतमाळसारखं गाव नाही.

कारण हा कापसाचा जिल्हा. (जिल्ह्याचं नाव आधी वणी होतं, यवतमाळ हे नाव 1905 मध्ये आलं.) 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेना, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि पुढच्या काळात गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. वाफेचं इंजिन, त्यावर फिरणारा एकच लांब शाफ्ट, शाफ्टवरून प्रत्येक जिनला गेलेले पट्टे. जिनमध्ये कापूस घालायला बहुतेक बायका. पट्टा पदर आणि हात यांच्यात फरक करत नाही.

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घाला असं त्यात होतं. पण तो शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांपुरता, आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने त्यातून सुटत. म्हणजे मुंबईच्या गिरण्या आत आणि कापूस वेचणीनंतर थोडे महिने धडधडणारे छोटे जिन बाहेर! हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला 1911 उजाडलं. आज आपल्याकडे लागू असलेल्या तरतुदींची पूर्वज म्हणजे 1948 च्या फॅक्टरी कायद्यातलं कलम 21, जे फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगतं. माझ्या मते ड्रायरचं झाकण हे त्याच कुंपणाचं घरात आलेलं रूप आहे, फक्त जाळीच्या जागी प्लास्टिक आलं.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझी मावशी. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, "अरे, ड्रायर सुरूच नाही होऊन राह्यला." मी ठरलेला पहिला प्रश्न विचारला, "गुणगुणतो का मुकाट बसतो?" या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. मोटर गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर वीज पोचते आहे. मग संशय कपॅसिटरवर (मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर) किंवा अडकलेल्या ब्रेकवर. मुकाट असेल तर प्लग, टायमर किंवा झाकणाचा स्विच. मावशीचा मुकाट होता.

शनिवारी पोचलो तेव्हा एक मेकॅनिक येऊन गेला होता आणि उपाय सांगून गेला होता, "स्विच डायरेक्ट करून देतो नं जी, पन्नास रुपयात काम." डायरेक्ट म्हणजे स्विचच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाकायच्या. ड्रायर सुरू होतो, आणि झाकण उघडं असतानाही सुरूच राहतो. मावशीच्या नातीला चार वर्षं पूर्ण झाली आहेत आणि टबात काय फिरतंय हे पाहायला तिला फार आवडतं.

प्लग काढला, वरचं पॅनल उघडलं. मल्टीमीटर लावला, झाकण बंद केलं, तरी बीप नाही. स्विचचे पॉइंट गंजले होते. त्याच आकाराचा नवीन स्विच बाजारात शे-दीडशे रुपयांत मिळाला, वीस मिनिटांत बसला. डायरेक्टपेक्षा शंभरेक रुपये जास्त.

गुणगुणणाऱ्या ड्रायरबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो जास्त भेटतो. घरातल्या सिंगल फेज विजेवर मोटर स्वतःहून फिरू लागत नाही, कुठल्या दिशेला फिरावं हेच तिला कळत नाही. 1888 मध्ये फेरारिस आणि टेस्ला यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना जगापुढे मांडली; कपॅसिटर दुसऱ्या वायंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवून त्याचीच घरगुती नक्कल करतो. त्यात मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर ठरतो. 230 ऐवजी 170 व्होल्ट आले तर जोर जेमतेम 55 टक्के उरतो. रब्बीत पंप सुरू झाल्यावर संध्याकाळी गुणगुणणारा ड्रायर सकाळी सुरळीत फिरत असेल, तर मशीन उघडूच नका. सकाळी पण गुणगुणत असेल तर कपॅसिटर बदला, जुन्यावर छापलेल्याच आकड्याचा. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, तेव्हा त्याच्या टोकांना बोट लावू नका.

आणि घरी आधीच कुणी 'डायरेक्ट' करून ठेवलंय का, हे पाहायला पेचकस लागत नाही. टब रिकामा ठेवा, ड्रायर सुरू करा आणि हात लांब ठेवून झाकण उघडा. मोटरचा आवाज लगेच बंद व्हायला हवा आणि काही सेकंदांत टब थांबायला हवा.