इनामगावचा प्राचीन आहार

इनामगावचा प्राचीन आहार या विषयात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील अन्नाचा, ते पिकवण्याच्या, साठवण्याच्या व शिजवण्याच्या पद्धतींचा विचार केला जातो. या लोकांना लेखनकला अवगत नव्हती. त्यामुळे त्यांच्या खाद्यपदार्थांची नावे किंवा कृती आज उपलब्ध नाहीत. जळालेले धान्य, जनावरांची हाडे, चुली, मातीची भांडी आणि खुद्द त्या माणसांचे दात व सांगाडे एवढ्यावरूनच त्यांच्या ताटाचे चित्र उभे करावे लागते. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या आहाराविषयीची बरीचशी माहिती या एका गावाने दिली आहे.

स्थान व उत्खनन

इनामगाव हे शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी, पुणे शहराच्या पूर्वेस ८० किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर आहे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा असतो. नदीकाठची काळी जमीन मात्र ओल धरून ठेवते. पुण्यातील डेक्कन कॉलेजने येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे या कामाचे प्रमुख होते. एकाच गावात इतकी वर्षे खोदकाम करण्यामागे केवळ खापरांचा क्रम लावण्याचा हेतू नव्हता. एका शेतकरी वस्तीचे संपूर्ण जीवन समजून घ्यावे, अशी ती योजना होती. १३० हून अधिक घरांचे अवशेष उघडकीस आले.

वस्तीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा संस्कृती (इ.स.पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (सुमारे १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (सुमारे १००० ते ७००). जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून पडले. तेथे १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले होते.

धान्ये, कडधान्ये व फळे

धान्य एरवी मातीत कुजून जाते. ते टिकते ते जळाल्यामुळे. चुलीजवळ सांडलेले, आगीत सापडलेले वा भाजताना करपलेले दाणे कोळशासारखे होतात आणि हजारो वर्षे आकार टिकवून राहतात. खणलेली माती पाण्यात कालवली की असे हलके दाणे तरंगून वर येतात. करपलेला घास त्या गृहिणीच्या कामाचा राहिला नाही, पण इतिहासाला तोच उपयोगी पडला.

इनामगावचे मुख्य पीक जव (सातू) हे होते. गहूही होता, पण त्याचे स्थान दुय्यम दिसते. कमी पाण्यावर आणि किंचित खारवट जमिनीतही जव तग धरतो, हे त्याचे कारण असावे. मसूर, वाटाणा, कुळीथ यांसारखी कडधान्ये आणि तीळ यांचे पुरावे मिळाले आहेत. काही प्रमाणात तांदूळही आढळला. बोर, आवळा, जांभूळ आणि खजुराच्या जातीची फळे रानातून येत असावीत.

जव व गहू रब्बीत, तर कुळथासारखी पिके खरिपात येतात; म्हणजे या शेतकऱ्यांनी दोन्ही हंगाम साधले होते. पूर्व जोर्वे काळात नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी एक कालवा खोदला आणि दगडमातीचा बांध घातला. तो काही एका कुटुंबाच्या आवाक्यातला उद्योग नव्हे. गावाला नेतृत्व होते आणि श्रम एकत्र आणण्याची काही व्यवस्था होती, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो.

पशुपालन, शिकार व मासेमारी

गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांची हाडे येथे मिळाली आहेत. त्यांपैकी अनेकांवर कापल्याच्या खुणा आहेत. त्यावरून या जनावरांचे मांस खाल्ले जात होते हे स्पष्ट होते. गाय-बैलही त्यास अपवाद नव्हते. आजच्या वाचकाला हे अनपेक्षित वाटेल, परंतु नंतरच्या काळातील आहारनिषेध तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीवर लादून पुरावा वाचता येत नाही. सांबर, चितळ, काळवीट आणि ससा यांची शिकार होई. घोड नदीतून मासे, कासव व खेकडे मिळत. मगरीची हाडेही सापडली आहेत.

साठवण व स्वयंपाक

घरे मातीच्या कुडाची, बहुधा आयताकृती व गवताने शाकारलेली असत. घरात चूल असे आणि अंगणात मोठे अग्निकुंड. मांस भाजण्यासाठी त्याचा वापर होत असावा. धान्य जमिनीतील लिंपलेल्या पेवांत, तसेच मोठ्या रांजणांत व कणगींत ठेवीत. कणगीसाठी मातीचे गोल ओटे आणि रांजणाच्या पायांखाली ठेवलेले सपाट दगड जागच्या जागी मिळाले आहेत. दळण्यासाठी दगडी पाटे व हातात धरण्याचे वरवंटे होते. फिरते जाते भारतात पुष्कळ नंतर आले. पाट्यावर जव भरडणे हे वेळखाऊ काम आहे. एका कुटुंबाच्या रोजच्या पिठासाठी दिवसाचा मोठा भाग खर्ची पडत असला पाहिजे.

जोर्वे पद्धतीची भांडी चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली, तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी असलेली आहेत. त्यांतील लांब तोटीचे भांडे आणि कंगोरेदार वाडगा ही सहज ओळखू येतात. ती वाढण्या-पिण्याची; शिजवण्याची भांडी ओबडधोबड व जाडसर असत. वाडग्यांचे प्राबल्य पाहता पातळ पदार्थ, म्हणजे जवाची पेज, आंबील वा कडधान्याचे कढण, आहारात बरेच असावेत, असे अनुमान करता येते. भाकरीसारखा पदार्थ होता की नाही हे मात्र भांड्यांच्या आकारावरून निश्चित होत नाही.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. गावकऱ्यांकडून जमा झालेले धान्य तेथे राहत असावे आणि टंचाईत ते वाटले जात असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. वाटप खरोखर होत असे की कोठाराचा लाभ मोजक्यांनाच मिळे, हा प्रश्न उरतोच. कोठार कोणाच्या अंगणात आहे हे पाहता तो गैरलागू म्हणता येणार नाही.

मृतांसाठी अन्न

मृतांना घराच्या भुईखाली किंवा अंगणात पुरीत. लहान मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत आणि बहुतेकांचे पाय घोट्याच्या वर तोडीत. मृताने परत चालत येऊ नये यासाठी हे केले असावे, हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. पण ते अनुमानच आहे. सोबत वाडगे व तोटीची भांडी ठेवलेली आढळतात. त्यांत अन्न व पाणी दिले असावे. ज्याच्या परतण्याची भीती वाटते त्यालाच शिदोरी देण्यातली विसंगती परकी वाटू नये. पितरांना जेऊ घालणाऱ्या समाजाला ती समजण्यासारखी आहे.

वर उल्लेखिलेल्या मोठ्या घराच्या अंगणातील दफन याहून वेगळे आहे. चार पायांच्या मोठ्या मातीच्या कुंभात एका पुरुषाला मांडी घातलेल्या स्थितीत बसवले होते आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. तो गावाचा प्रमुख असावा, असे मानतात. कुंभाचा आकार धान्याच्या रांजणाशी मिळताजुळता आहे, ही बाब लक्षणीय होय.

उत्तर जोर्वे काळातील ओढग्रस्ती

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटते. ऐसपैस आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात, शेतीचा वाटा घटून शिकारीचा वाढलेला दिसतो. इ.स.पू. सुमारे ७०० मध्ये गाव ओस पडले. ढवळीकर यांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले : पाऊस घटला, जवाची शेती परवडेनाशी झाली आणि शेतकरी अर्धभटके पशुपालक बनले.

या मताची तपासणी पुढे मुलांच्या सांगाड्यांवरून झाली. बाळपणी आजार वा उपासमार झाली की दुधाच्या दातांच्या लुकणात दोष राहतात आणि हाडांची वाढ खुंटते. जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी येथील मुलांच्या दातांचा अभ्यास केला. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी हाडांच्या मापांवरून उत्तर जोर्वे काळात मुलांच्या वाढीत व्यत्यय आल्याचे दाखवले. त्यांचे या विषयावरील पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हवामान अचानक बिघडले हे सरळ स्पष्टीकरण त्यांना मान्य नाही. प्रदेश आधीपासूनच निमशुष्क होता, असे त्या मानतात. तसे असेल तर कारण जमिनीचा कस, वाढती लोकसंख्या किंवा ढासळलेली गावव्यवस्था यांतही शोधावे लागेल. पावसाला दोष देणे सोपे असते. कालव्याची देखभाल कोणी थांबवली हे विचारणे अवघड. वाद अद्याप मिटलेला नाही. उपाशी मुलांचा पुरावा मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावा लागतो.

इतर प्राचीन आहारांशी तुलना

इनामगावला माळवा संस्कृतीचे लोक नांदू लागले त्याच्या आसपासच्या काळातच बॅबिलोनियात मातीच्या इष्टिकांवर पाककृती लिहिल्या जात होत्या. इ.स.पू. सुमारे १७०० मधील या इष्टिका अमेरिकेतील येल विद्यापीठात आहेत. फ्रेंच अभ्यासक झां बोतेरो यांनी त्यांचा अनुवाद केला. त्यांपैकी एकीवर रस्सेदार पदार्थांच्या सुमारे २५ कृती असून कांदा व लसूण त्यांत वारंवार येतात. चीनमधील लाजिया येथे पालथ्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात असा पुरावा भांड्यांच्या व दातांच्या सूक्ष्म तपासणीतून मिळू लागला आहे. हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले. तेथील भांडी व दात यांवरील पिष्टकणांत हळद व आले असल्याचे अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर यांनी २०१० मध्ये दाखवून दिले. म्हणजे आज घरोघरी मिसळणाच्या डब्यात असणारी हळद चार हजार वर्षांपूर्वीही स्वयंपाकात होती.

आजच्या आहाराशी नाते

शिरूर परिसराची ओळख असलेली बाजरी आणि ज्वारी ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेतील आहेत. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावा ही सर्व अमेरिका खंडातून, सोळाव्या शतकापासून पुढे, प्रामुख्याने पोर्तुगिजांच्या मार्फत आली. त्यामुळे झणझणीत मिसळ किंवा उपवासाची साबुदाण्याची खिचडी इनामगावच्या माणसाला ओळखता आली नसती. बटाट्याची भाजीही नाही. कुळथाचे पिठले किंवा माडगे, सातूचे पीठ, तीळ, बोरे आणि नदीचे मासे यांत मात्र त्याला परके काही वाटले नसते. विशेष म्हणजे ज्या जवावर हे गाव जगले त्याचे पीक आज या भागात फारसे दिसत नाही. सातूचे पीठ तेवढे घरगुती न्याहारीत टिकून आहे.